टायरात भाजी लावण्याआधी : कोणती भाजी, कोणता टायर, कोणत्या क्रमाने

टायर रंगवून झाले, माती भरून झाली, सांबार पेरला, तो दोन पानांवर आला आणि मग शेजारच्या काकू कुंपणापलीकडून विचारतात, "काहून रे बाबू, ह्या टायरातला सांबार खाल्ला तं चालते ना?" (विदर्भाबाहेरच्यांसाठी : सांबार म्हणजे कोथिंबीर.) हा प्रश्न पहिल्या दिवशी पडायला हवा होता. आपल्याकडे बहुतेकांचा क्रम उलटा असतो. आधी रंग, मग माती, मग बी आणि शेवटी शंका. खालचा क्रम तसाच पाळलात तर निम्म्या चुका आपोआप टळतील.

उत्तर आधीच सांगून टाकतो. तळ उघडा ठेवलेल्या, भेगा न पडलेल्या टायरात वांगी, मिरची, टमाटर लावायला माझी हरकत नाही. पालेभाज्या आणि जमिनीखालच्या भाज्या मात्र टायरात लावू नका. आणि घरी जुन्या विटा पडल्या असतील तर टायरच्या भानगडीत न पडलेलंच बरं.

१. आधी भाजी ठरवा

टायर म्हणजे नुसतं रबर नव्हे. त्यात काजळी असते, तेलं असतात, गंधक असतं, तारा असतात आणि वजनाच्या साधारण १ ते २ टक्के झिंक ऑक्साइड (जस्ताचं संयुग) असतं. म्हणजे छोट्या कारच्या सात-आठ किलोच्या टायरात शंभरेक ग्रॅम. याशिवाय रबर तडकू नये म्हणून घातलेली रसायनं असतात. यातलं काय किती सुटतं आणि ताटात किती येतं, ते तीन गोष्टींवर ठरतं : मातीचा सामू (पीएच, म्हणजे माती आम्ल की अल्क याचं माप), रबराची अवस्था आणि झाडाचा खायचा भाग.

जस्ताची भीती सगळ्यात जास्त घातली जाते, पण त्याची धास्ती मला सगळ्यात कमी वाटते. धानावर खैरा (जस्ताच्या कमतरतेचा रोग) आला की आपणच एकरी दहा-बारा किलो झिंक सल्फेट टाकतो. शिवाय आपल्या काळ्या मातीचा सामू बहुतेक ठिकाणी ७.५ ते ८.५ असतो आणि अशा मातीत जस्त बांधलं जातं, झाडाला सहज मिळत नाही. धानपट्ट्यातल्या सिहार, बर्डी मातीत गणित थोडं बदलतं, कारण ती आम्लाकडे झुकलेली असू शकते आणि आम्ल मातीत जस्त जास्त सुटतं. नुसत्या कोकोपीटवर लावणाऱ्यांनाही हेच लागू आहे.

काजळी आणि तेलांतली बहुवलयी संयुगं (इंग्रजीत पीएएच) मला जास्त खटकतात. त्यातली काही कर्करोगकारक आहेत आणि युरोपात २०१० पासून टायरच्या तेलांतल्या या संयुगांवर मर्यादा आहे. ती मातीतल्या सेंद्रिय कणांना घट्ट चिकटतात, मुळातून वर फार चढत नाहीत. म्हणजे ती पोटात जाण्याचा मुख्य रस्ता झाडातून जात नाही, भाजीला लागलेल्या मातीतून जातो. पावसाच्या थेंबाने माती उडते आणि पालकाच्या पानाला मागून चिकटते. मुळा, गाजर तर त्या मातीतच वाढतात.

तडकणं रोखणारी रसायनं थोड्या प्रमाणात पाण्यात उतरतात. व्हिएन्ना विद्यापीठातल्या संशोधकांनी मातीविना, पाण्यावर वाढवलेल्या लेट्यूसला टायरमधली रसायनं दिली, तेव्हा ती मुळांतून पानांपर्यंत पोचली. तो प्रयोग पाण्यातला होता, मातीत ही रसायनं अडतात. तरी 'रबरातून झाडात काहीच जात नाही' असं छातीठोक सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. 'टायर म्हणजे विषच' म्हणणाऱ्यावरही नको.

यातून निघणारी यादी अशी :

- लावा : वांगी, मिरची, टमाटर, भेंडी. वेल असतील तर दोडकं, कारलं, ढेमसं, वाल.
- लावू नका : सांबार, मेथी, पालक, चवळाई, अंबाडी, मुळा, गाजर, बीट, कांदा, रताळं.
- बिनधास्त लावा : झेंडू, शेवंती, मोगरा.

पालेभाज्यांसाठी जमिनीत किंवा चार विटा उभ्या लावून वाफा करा. पालेभाज्यांची मुळं वीतभर मातीत भागवतात, त्यांना टायरची गरजच नसते.

> सावधान : अंगणवाडीची परसबाग असेल, घरी लहान पोरं किंवा गरोदर बाई असेल, तर पालेभाजीच्या नियमात सूट घेऊ नका. टायर तिथे झेंडूपुरताच ठेवा.

२. टायर निवडा

पंक्चरवाल्याकडे जे फुकट पडलेलं असतं ते उचलून आणू नका. तिथे ढिगात बसा आणि पाहून घ्या.

टायरच्या बाजूला लंबगोलात चार आकडे असतात. ३५१४ म्हणजे २०१४ सालातला ३५ वा आठवडा. फार जुना टायर सोडाच. तारीख वाचता आली नाही तर अंगठ्याने बाजू दुमडून पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा उघडल्या किंवा हाताला काळी भुकटी लागली, तर तो बाद. भेगाळलेलं रबर मातीत चुरा सोडतं आणि चुऱ्याचं पृष्ठफळ अखंड टायरच्या कितीतरी पट असतं. म्हणून टायरचा चुरा आच्छादन म्हणून पसरणं तर मुळीच नको. काही जण तण येऊ नये म्हणून पसरतात.

कापायला सोपा टायर म्हणजे बंडीचा (बैलगाडीचा). तो नायलॉनचा असतो, बाजूला पोलाद नसतं. कारच्या रेडियल टायरची बाजूही कापता येते, कारण त्यात बहुधा पॉलिएस्टरचे धागे असतात. मोठ्या ट्रकच्या रेडियल टायरला मात्र बाजूलाही पोलाद असतं. ओळखायचं कसं? जुन्या स्पीकरचं चुंबक बाजूवर फिरवा. बाजूच्या मधल्या भागात ते ओढलं गेलं तर तो टायर कापायचा नाही. रिंगला टेकणाऱ्या जाड काठाशी ते सगळ्याच टायरांत ओढलं जाईल, तिथे तारेचं कडं असतं.

नकोत असे आणखी काही टायर : गॅरेजमध्ये ऑइलात लोळलेले, फवारणीचा टँकर ओढणाऱ्या गाडीचे, अर्धवट जळलेले.

> तपासा : निवडलेला टायर दुपारी दोन तास उन्हात ठेवून नाक जवळ न्या. रबराचा थोडा वास येणारच. डिझेल, ऑइल किंवा औषधाचा वास आला तर परत करा.

३. घरी आणल्यावर धुवा, त्याच दिवशी

हात घालण्याआधी काठीने टायरच्या पोटात चारही बाजूंनी ढवळा, मग उभा करून आपटा. ढिगातल्या टायरात विंचू असतो, कधी मण्यारही असते. ही सूचना वाचून हसणारे पुष्कळ भेटले. त्यातल्या एकाला विंचू चावल्यावर तो माझ्यावरच चिडला, की नीट का नाही सांगितलं.

धुणं म्हणजे नुसता पाइप मारणं नव्हे. डेंग्यूचा एडिस डास पाण्याच्या रेषेच्या जरा वर, टायरच्या आतल्या भिंतीला अंडी चिकटवतो. पाणी आटलं तरी ती महिनोन्‌महिने टिकतात आणि पुन्हा पाणी लागलं की फुटतात. म्हणून कपडे धुवायचा ताठ ब्रश घ्या, साबणाचं पाणी घ्या आणि आतली भिंत सगळीकडून खरवडा. चमक यावी म्हणून रॉकेल किंवा पेट्रोल चोळणारे आहेत. रबर ते पिऊन घेतं आणि नंतर मातीत सोडतं. तसं करू नका. धुतलेलं पाणी विहिरीकडे किंवा गुरांच्या टाक्याकडे जाऊ देऊ नका.

> सावधान : कापायला वेळ नसेल तर टायर शेडमध्ये ठेवा. उन्हाळ्यात आणून 'पाऊस पडला की लावू' म्हणून अंगणात टाकलेले टायर पहिल्या सरीनंतर आठ-दहा दिवसांत डासांची वाडी होतात.

४. कापणं

बहुतेक अपघात इथे होतात, म्हणून सावकाश वाचा.

टायर सकाळी उन्हात ठेवा. तापलं की रबर नरम पडतं. अंगावर पूर्ण बाह्यांचा सदरा, हातात जाड हातमोजे, पायात बूट. लागणारी हत्यारं म्हणजे धारदार सुरी, साबणाचं पाणी भरलेली बाटली आणि पायाने टायर दाबून धरणारा दुसरा माणूस.

१. जाड काठापासून चार बोटं बाहेर, बाजूवर खडूने गोल आखा. काठ कापायचा नाही, त्यात पोलादी कडं आहे.

२. रेषेवर सुरीचं टोक दाबून एक भोक पाडा.

३. भोकात साबणाचं पाणी सोडा आणि सुरी करवतीसारखी पुढेमागे चालवत रेषेवरून फिरा. दर वीतभरावर पुन्हा पाणी. सुकी सुरी रबरात अडकते. मग माणूस जोर लावतो आणि सुरी सटकते.

४. कडं निघालं की टायर उलटवा आणि दुसरी बाजूही तशीच कापा. दोन्ही बाजू काढल्या की उरतो तो रुंद पट्टा. पाणी साचायला कप्पाच उरत नाही.

एकच बाजू कापून टायर उलटा करून 'फुलासारखी' कुंडी बनवायची फॅशन आहे. दिसायला छान, पण खालच्या बाजूच्या वळचणीत माती पोचत नाही, पाणी पोचतं. तेच करायचं असेल तर सगळ्यात खोल रेषेवर दर वीतभराला बोटाएवढं भोक पाडा.

ग्राइंडर वापरू नका. मी एकदा ट्रकचा टायर घाईत ग्राइंडरने कापायला घेतला होता. चुंबक लावायचा कंटाळा केला होता. काळ्या धुराने घसा दोन दिवस खरवडत राहिला. त्याहून वाईट म्हणजे तळव्यात केसाएवढी तार घुसली. बाहेरून टिंबभर रक्त, आत अर्धा इंच पोलाद. आरोग्य केंद्रात ती काढून धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यावं लागलं. तो टायर अजून गोठ्यामागे पडला आहे, कोणी शिवत नाही.

> तपासा : कापलेल्या कडेवरून जुना सुती फडका फिरवा. कुठेही धागा अडकला तर तिथे तारेचं टोक आहे. पक्कडीने ते ओढून तोडा. एकापेक्षा जास्त ठिकाणी अडकला तर तो टायर बागेतून बाहेर. पोरं तिथेच खेळणार आहेत.

५. जागा

चंद्रपूर असो की अकोला, मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. काळं रबर त्याहून कितीतरी जास्त तापतं आणि भिंतीलगतची मुळं भाजून निघतात. म्हणून घराच्या पूर्वेला, जिथे सकाळचं ऊन मिळेल आणि दुपारी भिंतीची सावली पडेल, तिथे टायर ठेवा. बाहेरून युरियाच्या धुतलेल्या पांढऱ्या गोणीची पट्टी गुंडाळून सुतळीने बांधा. दिसायला गबाळं दिसतं, पण रंगापेक्षा चांगलं काम करतं.

रंग द्यायचाच असेल तर फक्त बाहेरून, पांढरा आणि घरगुती वापराचा. घरगुती रंगांत शिशाची मर्यादा ९० पीपीएम आहे. कारखान्यात लोखंडाला लावायचे रंग त्या नियमात येत नाहीत, म्हणून दुकानात स्वस्त मिळालेला उरलेला डबा उचलू नका. आतून रंग कधीच नाही.

चुलीपासून आणि कुटाराच्या (भुशाच्या) ढिगापासून टायर लांब ठेवा. पेटलेला टायर बादलीभर पाण्याने विझत नाही.

> तपासा : उन्हाळ्यात दुपारी दोनला टायरच्या भिंतीलगत मातीत दोन पेरं बोट खुपसा. पाच सेकंद ठेववत नसेल तर हिरवी जाळी टाका किंवा पावसाळ्यापर्यंत लावणी थांबवा.

६. तळ, अस्तर, माती

टायरला कुंडी समजणं ही सगळ्यात मोठी चूक आहे. टायर ही फक्त भिंत आहे. कारच्या टायरची रुंदी वीतभरच असते आणि वांग्याला त्याच्या दुप्पट खोली लागते. म्हणून खाली फरशी, पत्रा, प्लास्टिक काही नको. टायर ठेवायच्या जागी जमीन आधी कुदळीने वीतभर खणून भुसभुशीत करा आणि त्यावर पट्टा ठेवा. मुळं खाली जमिनीत उतरतील. त्यामुळे खोली मिळते, पाणी तुंबत नाही आणि झाडाचं बरंचसं खाणंपिणं टायरच्या बाहेरच्या मातीतून होतं.

आतल्या भिंतीला मल्चिंग पेपरचा किंवा जाड प्लास्टिकचा उरलेला तुकडा लावा, काठावर दुमडा, तळाशी मोकळा सोडा. याने माती आणि मुळं रबराला थेट लागत नाहीत, रबराचा चुरा मातीत पडत नाही. पण अस्तर म्हणजे पक्की भिंत नव्हे. बहुवलयी संयुगं पॉलिथिनमध्ये हळूहळू शिरतात, म्हणून अस्तर लावलं तरी पालेभाजीचा नियम बदलत नाही. कीटकनाशकाच्या पिशव्या फाडून अस्तर करणाऱ्यांना तर हात जोडून सांगतो, तसं करू नका.

मातीचं प्रमाण : दोन घमेली काळी माती, एक घमेलं वाळू किंवा बारीक मुरूम, एक घमेलं पूर्ण कुजलेलं शेणखत. नुसती काळी माती उन्हात आकसून भिंत सोडते आणि त्या फटीतून पाणी थेट खाली पळतं. होळीच्या किंवा शेकोटीच्या जागेवरची माती घेऊ नका. तिथे टायर जाळले होते की नव्हते हे कोणालाच आठवत नसतं.

> तपासा : भरताना याच मिश्रणातली किलोभर माती वाळवून, पिशवीत बांधून, तारीख लिहून घरात ठेवा. पुढे नवव्या टप्प्यात तिचं काम आहे. ही एक गोष्ट जवळपास सगळेच विसरतात.

७. लावणी

कारच्या टायरात एक वांगं किंवा दोन मिरच्या, जास्त नाही. रोप मधोमध, भिंतीपासून लांब. बुडाशी सोयाबीनचं कुटार किंवा वाळलेला पाला चार बोटं अंथरा, म्हणजे पावसात माती उडून फळांना लागणार नाही. टमाटराला काठीचा आधार द्या, फळ मातीला टेकू देऊ नका. वेल लावला तर मांडव दूर न्या, रबरावरून वेल पसरू देऊ नका.

८. पाणी आणि आठवड्याचा कोरडा दिवस

थोडं थोडं रोज देण्यापेक्षा दोन-तीन दिवसांनी भरपूर द्या. खारपाणपट्ट्यात असाल तर हे जास्त महत्त्वाचं, कारण थोड्या पाण्याने क्षार वरच साठतात आणि मातीवर पांढरी पापडी येते. पावसाळ्यात छताचं गोड पाणी साठवून तेच द्या.

एडिसला अंड्यापासून उडणाऱ्या डासापर्यंत पोचायला सात ते दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातला एक वार ठरवा आणि त्या दिवशी काठी घेऊन प्रत्येक टायरभोवती फिरा. अस्तराच्या दुमडीत पाणी दिसलं तर पुसा, माती खचून वळचण झाली असेल तर भरा. आमच्याकडे रविवार आहे. एका रविवारी मीच केलेल्या अस्तराच्या घडीत, चहाच्या कपाएवढ्या पाण्यात, वळवळणाऱ्या अळ्या मोजल्या. वीसच्या पुढे मोजणं सोडून दिलं. विदर्भात टायरामुळे कोणी आजारी पडणार असेल, तर जस्तापेक्षा हे कपभर पाणी आधी कारण ठरेल.

> सावधान : कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या की लगेच टायरला दोष देऊ नका. चुनखडीच्या काळ्या मातीत लोहाच्या कमतरतेने आणि जास्त पाण्यानेही तसंच होतं. आधी पाणी कमी करून पाहा.

९. वर्षातून एकदा माती तपासा

मृदा आरोग्य पत्रिकेसाठी जी साधी तपासणी होते, त्यात जस्त आणि सामू असतोच. दोन नमुने द्या : एक भिंतीपासून चार बोटांवरचा, वीतभर खोल, दुसरा आपण पिशवीत ठेवलेला. शेणखतातही जस्त असतं, म्हणून एकट्या आकड्याचा काही अर्थ लागत नाही, दोन्हींतला फरक पाहायचा. पिकाला मातीत किलोमागे ०.६ मिलिग्रॅम उपलब्ध जस्त पुरेसं धरतात. टायरातला आकडा पिशवीतल्या मातीच्या कितीतरी पट निघाला तर रबर सुटू लागलं आहे असं समजा. जस्ताने लगेच काही होणार नाही, पण जस्त सुटतंय तिथे बाकीचंही सुटत असणार, आणि ते बाकीचं या तपासणीत दिसत नाही. सामू ६.५ च्या खाली आला असेल तरी त्या टायरात भाजी लावणं थांबवा.

भाजी स्वयंपाकघरात आली की वाहत्या पाण्याखाली हाताने चोळून धुवा. वांग्याच्या देठाखालची माती हमखास राहते.

१०. टायर बाद कधी करायचा

दर वर्षी मृगाच्या आधी अंगठ्याची परीक्षा पुन्हा घ्या. भेगा उघडल्या, काळी भुकटी आली, तार दिसली, की त्याचं काम संपलं. भंगारवाल्याला द्या. तो येईपर्यंत शेडमध्ये ठेवा, पावसात नाही. जाळू नका. थंडीच्या शेकोटीत नाही, होळीत नाही आणि पावसाळ्यात ओल्या लाकडांवरची चिता पेटत नाही म्हणूनही नाही. आतली माती फेकायची गरज नाही, ती फुलझाडांच्या वाफ्यात पसरा.

काकूंचा तो सांबार आम्ही उपटला. त्याच जागी विटांचा वाफा घातला आणि टायरात भरताचं वांगं लावलं. रंगवलेला टायर गोणीने झाकायला मात्र त्या अजून तयार नाहीत. म्हणतात, "एवढा मेहनतीनं रंगवला, आता का पोत्यात घालू?"